गप्प झालेल्या गाड्या

नंदाखालपासून गासपर्यंतच्या गावांतल्या मोटारसायकली पेट्रोलवर चालतात हा लोकांचा गैरसमज आहे. त्या माझ्या नणंदेच्या सासऱ्यांच्या मर्जीवर चालतात. नणंद त्यांना पप्पा म्हणते, म्हणून मीही म्हणते. आणि आता त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान असलेले म्हातारेही त्यांना पप्पाच म्हणतात. पप्पांची केळी-नारळाची वाडी आहे, पण त्यांचं नाव निघालं की कोणाला वाडी आठवत नाही, टॅपेट आठवतो. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. ते व्हॉल्व्ह आणि त्यांना वरून दाबणारी दांडी, म्हणजेच टॅपेट, यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. ती बरोबर ठेवणं हे पप्पांच्या मते शेती आणि संसार यांच्याइतकंच, कदाचित थोडं जास्तच, गंभीर काम आहे.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची, कारण फट मोजायची ती थंड इंजिनावर. सकाळी आणून ‘नुसती नाक्यावरून आणली’ म्हणणाऱ्याला पप्पा उत्तर देत नाहीत. ते वाकून इंजिनाला गाल लावतात आणि म्हणतात, “खोटं बोलू नको, सोपाऱ्याहून आलायस.” एकदा त्यांनी चर्चच्या फादरनाही गाडी ठेवायला लावून पायी परत धाडलं होतं. पिस्टन वर आणताना कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. नणंद एकदा फोन घेऊन धावत आली, कोणी आजारी होतं त्याची बातमी होती. पप्पा मान वर न करता म्हणाले, “वारला असेल, तर पाच मिनिटांनीही वारलेलाच असेल.” मग फटीत पातळ पोलादी पत्ती सरकवायची आणि ओढून बघायची. सैल येता कामा नये, दाटून बसता कामा नये, जरा अडून यायला हवी. नट आवळला की फट हलते, म्हणून पुन्हा ओढायची, पुन्हा आवळायचं. एवढं करून टॅपेट बारीक टिकटिकला की ते खूष. “वाजणारा टॅपेट बरा,” ते सांगायचे. “तो निदान सांगतो तरी.” या कामाचे पैसे कोणी पुढे केले, तर त्याच्या हातात केळ्यांची फणी देऊन त्याला फाटकाबाहेर काढतात.

हा टॅपेट त्यांनी सगळ्या जगाला लावला आहे. धाकट्या मुलाने चंदनसारला फ्लॅट घेतला तेव्हा घरात रडारड झाली. पप्पा म्हणाले, “बरं झालं. सासू-सुनेत फट उरली नव्हती. तापल्यावर लोखंड फुगतं, तशी माणसंही फुगतात. जागा नको?” आणि मुलाच्या हातात फणी दिली.

माझा त्यांच्याशी संबंध नात्याचा कमी आणि गाडीचा जास्त. मी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. नमुन्यांची पेटी मागे बांधून शंभर सीसीच्या मोटारसायकलवर फिरणाऱ्या पन्नाशीच्या बाईकडे आता इथे कोणी वळून बघत नाही. ती गाडी वर्षातून दोनदा पप्पांकडे जाते. गेल्या खेपेला परत आणली तर आवाजच नाही. शिलाई मशीनसुद्धा जास्त वाजतं. गावातही तेच ऐकू येत होतं. “पप्पांचा हात आता काय बसलाय! गाडी चालू आहे का बंद तेच कळत नाही.” पप्पा हे ऐकून आमच्याकडे बघत नसत, केळीकडे बघत. फार आनंद झाला की ते केळीकडेच बघतात.

मग माझी गाडी रुसायला लागली. सकाळी एका किकला चालू व्हायची, पण तीन-चार घरं फिरून तापली की बंद. निर्मळच्या तळ्यापाशी मी ती दोनदा ढकलली, पेटीतल्या नमुन्यांसकट. शेवटी सोपाऱ्यातल्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने झाकण उघडलं, पत्ती घालून बघितली, ती शिरेचना.

“मॅडम, हे कोणी सेट केलं? एकदम टाइट मारलाय. गॅपच नाय. गरम झाल्यावर वॉल्व बंदच नाय होणार ना. अजून चालवली असती तर जळलाच असता.”

“घरच्या माणसाने,” मी म्हटलं.

“त्यांना बोला, आराम करा.”

मी हे पप्पांना सांगितलं नाही. कामाची घाई होती असं मी स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी नणंदेने त्यांची साखर तपासायला बोलावलं. पप्पांनी आयुष्यात रक्त तपासलेलं नव्हतं. ते पडवीत बसून मला शेजाऱ्याच्या नव्या स्कूटरचे दोष सांगत होते. मी बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला.

“झालं? कळलंसुद्धा नाही,” ते म्हणाले. “हात हलका आहे तुझा, बाय.”

बावीस वर्षं मी हे काम करते. मला बघून पोरं खाटेखाली जातात. आजवर कोणीही, माझ्या सख्ख्या आईनेही, माझा हात हलका म्हटलेला नाही. पप्पा पुन्हा स्कूटरकडे वळले तेव्हा मी, न सांगता, दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचलं. त्यांचं वाक्यही अडखळलं नाही. मशीनवर आकडा आला. तो बघून मी मशीन पालथं ठेवलं.

“पप्पा, मी दोन बोटांना टोचलं.”

“एकाला.”

“दोन. बघा.”

त्यांनी दोन्ही हात समोर धरले. दोन्हींवर एकेक लाल थेंब होता.

“साखरेने बोटांची जाणीव जाते,” मी म्हटलं. “माझी गाडी तापली की बंद पडत होती. टॅपेटला फटच नव्हती.”

“शक्य नाही. पत्ती अडून आल्याशिवाय मी कधी...”

त्यांनी बोटं एकमेकांवर घासून बघितली. मग म्हणाले, “म्हणून गाड्या गप्प झाल्या. पत्ती अडलेली कळेपर्यंत मी आवळतच गेलो. आणि मी खूष होत होतो.” बोटं पुसत त्यांनी विचारलं, “जाणीव परत येईल?”

“औषध नीट घेतलंत तर आणखी जाणार नाही,” मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

मला वाटलं, आता ते पत्ती पेटीत ठेवतील आणि कोणाला काही कळणार नाही. मीही सांगणार नव्हते. पण रविवारी मिस्सा सुटल्यावर पप्पा चर्चच्या आवारात, गाड्या लावतात तिथे, जाऊन उभे राहिले. एकेकाला अडवून सांगू लागले, “तुझी गाडी मी बिघडवून ठेवलीय. संध्याकाळी आणून लाव.”

“काहीतरीच, पप्पा! मस्त चालते.”

“मस्त चालते म्हणूनच आण.”

“पप्पा, लोक काय म्हणतील?” नणंदेने त्यांची बाही ओढली.

“व्हॉल्व्ह जळल्यावर म्हणतील त्यापेक्षा कमीच,” ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले. चौदा गाड्या होत्या. एकही नाव ते विसरले नाहीत. फादरनाही त्यांनी तसंच, सगळ्यांदेखत सांगितलं.

तेव्हापासून आठवड्यातल्या दोन सकाळी मी नंदाखालला जाते. पिस्टन वर आल्याची खूण ते जुळवतात, स्क्रू ते फिरवतात, पत्ती मी ओढते. सुरुवातीला फार बोलणी खाल्ली. “घट्ट आहे,” मी म्हणायचे. “घट्ट म्हणजे कशी? रुतलेली की अडलेली?” ते ओरडायचे. फरक सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, त्यांच्याकडेही नव्हते; आजवर लागलेच नव्हते. नवव्या गाडीपर्यंत हे असंच चाललं. दहाव्या गाडीला पत्ती माझ्या चिमटीत अशी काही आली की मी हात तिथेच थांबवला.

“कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“बरोबर आहे.”

त्यांनी पत्ती माझ्या हातातून घेतली, स्वतः फटीत घातली, हळूच ओढली. डोळे मिटून पुन्हा एकदा ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग त्यांनी ती पुसून माझ्या हातात दिली.

“तू म्हणतेस तर असेल,” पप्पा म्हणाले, आणि नट आवळायला वाकले.