मावशीनं खाल्लं का?

नवा जिन्नस हातात आला की मावशी आधी तो मनगटावर चोळायची. मग ओठाला लावायची, मग जिभेच्या टोकाला, आणि डोळे मिटून बसायची. "सात दिस दम धरा," एवढंच म्हणायची. सात दिवस ती स्वतः तो रोज खायची. आठव्या दिवशी आमच्या तलवाडा गावात तो चुलीवर चढायचा.

तुम्ही म्हणाल, एका विधवा बाईच्या जिभेवर अख्खं गाव? पण निजामाच्या राज्यात आमच्यासारख्या गावात खाणं पारखायला दुसरं होतं तरी कोण? माझं किराणा दुकान होतं. जालन्याहून बैलगाडीने माल यायचा आणि गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मावशीनं खाल्लं का?" मी कितीही छातीठोक सांगितलं तरी उपयोग नसे.

टमाटे पहिल्यांदा आले तेव्हा आतला लाल गर पाहून बायकांनी नाकाला पदर लावले. मावशीने माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत दोन खाल्ले. गोळीच्या सोड्याच्या बाटलीत भूत कोंडलंय अशी बोलवा होती. मावशीने बाटली एका दमात संपवली आणि असा ढेकर दिला की समोरच्या गाडीचा बैल बिचकला. "गेलं भूत," ती म्हणाली. "प्या आता."

मग एका साली पाऊस झाला नाही आणि तूर दिसेनाशी झाली. मी लाखेची डाळ आणली, दिसायला तुरीसारखीच आणि स्वस्त. आमच्याकडे ती कोणी खाल्लेली नव्हती. मावशीने सात दिवस खाल्ली, काही झालं नाही. मग गावाने दोन महिने तीच खाल्ली, वरणातही आणि दळून भाकरीतही.

हळूहळू एकेकाचे गुडघे आखडायला लागले. टाचा जमिनीला टेकेनात. मावशीचंही तेच झालं. ती काठी टेकत दारोदार गेली. "माजं चुकलं. म्या पोटाला इचारलं, पायाला इचारायचं ऱ्हायलं. डाळ खाऊ नगा."

पण लोकांच्या पोटात भूक होती. "डाळ कशापायी सोडावी?" ते म्हणाले. "हिरीचं पानी बाधलं असंल."

मावशीने मला बोलावलं. "तुमी समदे डाळ सोडा, पानी तेच प्या. मी पानी बी तेच पिते, डाळ बी खाते. म्हैनाभरात कळंल."

"मावशी, तुजे पाय जातील."

"माज्या तोंडाकडं बघून खाल्लंय त्यांनी, लेकरा. आता नुसतं सांगून न्हाई ऐकायचे. बघून ऐकतील."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. डाळ तिच्या घरी पोचवली. तिच्या शब्दाखातर लोकांनी अर्धपोटी राहून महिनाभर डाळ बाजूला ठेवली.

महिना संपला तेव्हा त्यांचं दुखणं होतं तिथंच थांबलं होतं. मावशीला मात्र उभं राहता येत नव्हतं. त्या दिवशी गावाने उरलीसुरली डाळ उकिरड्यावर टाकली.

पुढे दोन वर्षं ती अंगणात बाजेवर होती. आता ती नाही. अजूनही नवा माल आला की पावलं तिच्या अंगणाकडे वळतात, आणि रिकामी बाज पाहून मी परत फिरतो. तिची फार आठवण येते, आणि ती कमी व्हावी असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. शेवटच्या दिवसांत तिने मला विचारलं होतं, "तुज्या घरात खाल्ली व्हती का रं ती डाळ?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "न्हाई, मावशी. आमच्या घरापुरती तूर ठेवली व्हती म्या."

मी मान खाली घातली. तिने रागवावं म्हणून वाट पाहत राहिलो.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुजी लेकरं तरी पळतील." आणि तिला ते खरोखर बरं वाटलं होतं.