होकारासाठी थांबलेले दात

थंडी अशी होती की नळाखाली हात धरवत नव्हता. असल्या सकाळी प्लास्टरसुद्धा आळसावतं, ओतलं तरी घट्ट व्हायचं नाव घेत नाही. वहिनींनी किटलीतलं कोमट पाणी रबरी वाडग्यात घेतलं, त्यात पांढरी भुकटी सोडली आणि घोटायला लागल्या. समोर दातांच्या डॉक्टरांकडून आलेले ठसे मांडले होते. कुणाचा वरचा जबडा, कुणाचा खालचा, कुणाची नुसतीच एक दाढ. त्यात प्लास्टर ओतायचं, बुडबुडे काढायचे आणि साचा तयार झाला की पुढच्या टेबलाकडे सरकवायचा. कवळ्या आणि दात बनवायची ती कार्यशाळा. आजूबाजूची कितीतरी माणसं वहिनींच्या हाताखालून गेलेल्या दातांनी जेवत होती. "आपण सगळ्यांच्या तोंडात," वहिनी म्हणायच्या, "आणि नाव मात्र कुणाच्याच तोंडी नाही."

कार्यशाळा त्यांच्या नवऱ्याची. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. प्लास्टर, डॉक्टरांचे फोन, पगार, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. दादांकडे एकच गोष्ट होती, होकार.

प्रत्येक काम एका छोट्या ट्रेमध्ये असायचं. मेणाचं काम झालं की ट्रेला कपड्यांचा पिवळा चिमटा लावून तो दादांच्या खिडकीशी ठेवायचा. दादा वस्तू उचलणार, दिव्याखाली फिरवणार, घशातल्या घशात हुं करणार आणि नखानं टेबलावर दोनदा टकटक करणार. तो होकार. धातूचं झालं, पुन्हा खिडकी. चिनीमातीचा थर चढवला, रंग भरला, पुन्हा खिडकी. दादा जेवायला गेले की खिडकीशी ट्रेंची रांग लागे. दादांना ताप आला की सगळे हात बांधून बसत.

आणि आता दादांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी लांबवलंत तर ऑपरेशन अवघड होईल. नंतर काही आठवडे धूळ नको, वाकणं नको, म्हणजे कार्यशाळा नकोच. दोनदा तारीख घेतली, दोनदा दादांनी मोडली. "मी घरी बसलो तर इथं बघणार कोण?" एवढंच त्यांचं उत्तर. म्हणून वहिनींनी कामं फोनवरून चालवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं.

ते विकायला पहिला आला तो एक कोटवाला. त्यानं भिंतीवर चौकोन आणि बाण दाखवले. एकाचं काम संपलं की दुसऱ्याच्या फोनवर आपोआप निरोप. मंजुरीही फोनवरच. "मालक जगाच्या पाठीवर कुठंही असोत, मॅडम, काम थांबणार नाही."

वहिनींच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

"मला नाही जायचं जगाच्या पाठीवर," दादा म्हणाले.

मेणाच्या टेबलावरच्या मावशींची काळजी वेगळीच. "मग ते चिमटे मला परत द्या गं बाई. माझ्याच घरचे आणलेत, तिकडं धुणं नुसतं तारेवर लोंबतंय."

महिनाभर वापरून बघा, कोटवाला म्हणाला. वापरलं. दादांच्या खिशातला फोन सकाळपासून रातकिड्यासारखा किरकिरायचा. चष्मा काढा, भिंग लावा, भिंग काढा, चष्मा लावा. तोवर आणखी तिघांचे निरोप. एके दिवशी जेवताना तो इतका किरकिरला की दादांनी डाव्या हातानं एकामागून एक सगळ्यांना 'मंजूर' दाबून टाकलं आणि भाजी वाढायला सांगितली. ट्रे हातात असता तर हा माणूस जेवण सोडून उठला असता. फोनवर त्याला ते दात वाटलेच नाहीत.

दोन दिवसांनी एका डॉक्टरांचा फोन आला. "वहिनी, आमच्या आजींना पुढचा दात बसवला. बाकीचे दात संध्याकाळ, आणि हा एकटा भर दुपार. आजी म्हणतात, मी हसू की नको?"

दात परत आला. दादांनी तो दिव्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुझ्या त्या यंत्रानं घात केला," ते वहिनींना म्हणाले.

"यंत्रानं विचारलं होतं. हो तुम्ही म्हणालात."

रंगाच्या टेबलावरचा पोरगा, रंग्या, खाली मान घालून ब्रश पुसत होता. पुसून झालेला ब्रश तो पुन्हा पुसायला लागला, तेव्हा वहिनींना शंका आली.

"तुला दिसलं होतं का रे?"

"दिसलं होतं," रंग्या म्हणाला. "पण वरून मंजूर आलं. मग मी कोण बोलणारा?"

वहिनींनी तिथूनच कोटवाल्याला फोन लावला. रंगाच्या टेबलावरच्या माणसाला काम थांबवायचं असेल तर त्यानं काय दाबायचं? कोटवाला म्हणाला, कामगारांना 'झालं' एवढं एकच बटण असतं. जास्त बटणं दिली की गोंधळ होतो.

"गोंधळ आमच्याकडे बटणांशिवायही होतो," वहिनी म्हणाल्या आणि त्याचं सॉफ्टवेअर परत केलं.

दुसऱ्या कंपनीची बाई आली ती सर्दीनं बेजार, नाक पुसत. तिनं भिंतीवर काहीच दाखवलं नाही. आधी मला बसू द्या, म्हणाली, आणि अर्धा दिवस स्टुलावर बसून ट्रे कुठून कुठं जातात ते बघत राहिली. मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चित्र काढलं. सगळे बाण खिडकीकडे.

"हे नसतील तेव्हा कोण?" तिनं दादांकडे बघत विचारलं.

मावशींनी मेण उगाचच तापवलं.

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मंजुरीला दोन नावं लागतात," ती म्हणाली. "पहिल्याचं उत्तर आलं नाही तर दुसऱ्याकडे जातं. आणि 'थांबवा'चं बटण प्रत्येकाच्या हातात. फक्त दुसरी जागा रिकामी ठेवली तर ते पुढे सरकत नाही."

"मग माझंच नाव दोनदा घाला," दादा म्हणाले.

"नाही घेत ते, काका. सगळे मालक आधी तेच करून बघतात."

मावशी फिसकन हसल्या आणि दादांनी बघितल्यावर खोकल्या.

ती बाई पुठ्ठा ठेवून गेली. कामाची माणसं हात धूत होती. वहिनींनी पुठ्ठा दादांपुढे सरकवला. "सॉफ्टवेअर मी निवडलं. हेच घ्यायचं. पण नाव मी घालणार नाही. ते तुम्हीच सांगायचं."

"मेणाला मावशी ठीक आहे. धातूचंही तीच बघेल, तिची नजर खोटी नाही," दादा म्हणाले. "पण रंगाचं कसं? त्या पोराला धीर नाही."

"धीर तुम्ही ठेवलात कुठं त्याच्याकडे? सगळा इथं खिडकीशी गोळा करून बसलात." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अहो, हा डोळा गेला तर तुमच्या 'हो'चं मी काय करू?"

दादांनी तो परत आलेला दात उचलला. मग त्यांनी रंग्याला हाक मारली. "काय खटकलं होतं तुला यात?"

रंग्या आधी चाचरला. मग दात हातात आल्यावर बोलायला लागला. मुळाशी पिवळसर झाक हवी होती. कडेला जरा धुरकट. आणि डॉक्टरांच्या फोटोत आजींच्या शेजारच्या दाताला बारीक चीर दिसते, तशी पुसट रेघ इथं ओढली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"रेघ कशाला?" दादांनी विचारलं. "नव्या दाताला चीर?"

"शेजाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून."

दादांनी दात डाव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "कर तसा," ते म्हणाले. रंग्या टेबलाकडे गेल्यावर त्यांनी हळूच वहिनींना विचारलं, "अगं, याचं खरं नाव काय? तिथं रंग्या थोडंच घालणार?"

वहिनींनी सांगितलं. दादांनी ते पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वहिनींनी लगेच, त्यांचं मन फिरायच्या आत, दवाखान्यात फोन लावून तारीख पक्की केली.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हातातल्या फोनवर एका ट्रेसमोर लाल खूण उमटली. रंगाच्या टेबलावर काम थांबवलं होतं. त्यांचा अंगठा रंग्याच्या नंबरावर गेला. जरा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला लागल्या. पुन्हा काढून बघितला तेव्हा खूण हिरवी झाली होती आणि ट्रे पुढे गेला होता.

दादा डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आले. पहिला प्रश्न तोच. "अडलं का काही?"

"एक अडलं होतं. सुटलं."

"कसं?"

"मी नाही विचारलं."

वहिनींनी पुढे केलेला हात दादांनी धरला आणि पायऱ्या उतरताना तक्रार न करता धरून ठेवला.

त्यांना घरी झोपवून वहिनी कार्यशाळेत आल्या तर सिंक तुंबलेलं. खालच्या जाळीत प्लास्टरचा गाळ बसला होता आणि पाणी काठापर्यंत आलं होतं. ती जाळी एरवी वहिनीच काढायच्या. "आम्ही काढणारच होतो," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

"दिसतंय ते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बाह्या वर केल्या, बादली ओढून घेतली आणि जाळी काढायला खाली बसल्या.