भिंतीतलं पाणी

ओल्या सिमेंटचा वास आला की लातूरचं ते हॉस्टेल आठवतं, जिथे मी देखरेखीला होतो. क्लासच्या पोरांच्या एका खोलीची भिंत पाझरू लागली, पण आतला पाइप कुठून गेलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्लंबरने अंदाजानेच हातोडा घातला. भूकंपाला फार वर्षं झाली नव्हती. भिंत हादरताच पोरं पुस्तकं टाकून रस्त्यावर पळाली, आणि त्यांच्यामागे अनवाणी मालकही. “मालक, बिल्डिंग तुमची हाय, पाइप कुठं हाय ते तुम्हीच सांगा की,” प्लंबर म्हणाला. “मी काय भिंतीत राहतो का?” मालक वैतागले. आज मी देखरेख करतो त्या नव्या इमारतीतला प्रत्येक पाइप मला कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी नकाशात भिंतीआड दिसतो. त्या भिंतीत पाणी कुठून येत होतं, ते मात्र अजून कळलेलं नाही.