मडकं वाजवून बघणाऱ्या काकू

त्या काकूंचं नाव विचारायचं राहिलंच. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून तासाभरावरच्या एका संग्रहालयात पेरूच्या वाळवंटातल्या नाझ्का लोकांची मडकी मांडली होती. कोलंबसाच्या शेकडो वर्षं आधीची, पण रंग काल दिल्यासारखे! दोन तोट्यांच्या एका मडक्यावर दात विचकणारा मासा होता. त्याच्यासमोर साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या या काकू उभ्या. बाजारात मडकं घेताना करतात तसं त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. वाजली अर्थातच पुढची काच.

"मॅडम! पुन्हा हात लावलात तर बाहेर जावं लागेल," रखवालदार गरजला.

शेजारी उभा असलेला मी मराठीच असणार, असं गृहीत धरून काकू माझ्याकडे वळल्या. "अहो, त्याला सांगा, हात आपोआप गेला. न वाजवता मडकं बघायचं कसं? आणि हळू बोल म्हणावं. लेक कॉफी आणायला गेलीय. तिला कळलं तर परत कुठे नेणार नाही मला."

मी हे सगळं हातवाऱ्यांसकट, थोडा मीठमसाला लावून इंग्रजीत सादर केलं. रखवालदार हसू दाबत होता, तेवढ्यात लेक आलीच.

"आई! परत काहीतरी केलंस ना?"

रखवालदाराला मराठीचा गंध नव्हता, पण तो सूर ओळखीचा असावा. "छे, छे! तुमच्या आई मला मडकी तपासायला शिकवत होत्या," तो गंभीरपणे म्हणाला.

काकूंनी पदर सावरला आणि तपासणीला आलेल्या साहेबाच्या थाटात त्या पुढच्या दालनात शिरल्या. तिथला रखवालदार वेगळा होता. मीही लगबगीनं मागे गेलो. असा खेळ कोण चुकवेल?