बर्फावरची तिची चाल

मनालीच्या वर, बर्फाच्या उतारावर, भाड्याचे गमबूट घालून आमचा सगळा ग्रुप घसरत, किंचाळत, एकमेकांना धरत चालला होता. माझी बायको मात्र तिरकी, टाच रोवत, निवांत वर चढत होती.

“अगं, पडशील!” मी ओरडलो.

“टाच आधी टेका हो. बोटांवर भार दिलात की घसरलात.”

“तुला कुणी शिकवलं हे?”

ती थांबली. “मागे ताईबरोबर आले होते इथे. तुम्हाला माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं.”

ताजा पडलेला बर्फ किती कोरा दिसतो! त्याच्याखाली कालची पावलं असतात, हे आपल्या मनातही येत नाही. तिला पहिला बर्फ मी दाखवणार, तेव्हाचा तिचा चेहरा मी बघणार, हे सुख मी वर्षानुवर्षं राखून ठेवलं होतं. ते तिने परस्पर उरकून टाकलं. फार फसवल्यासारखं वाटलं. पण आता स्पष्टच सांगतो, राखून ठेवलं म्हणजे टाळलं होतं.

“विचारलं असतं तर ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणाला असतात,” ती म्हणाली.

म्हणालोच असतो. तरीही उतरताना तिने पुढे केलेला हात मी धरला नाही, आणि दोनदा सपशेल आपटलो.