चाळलेला कप, दाबलेला कप

ओरेस्ट होंचारुकनं उभी हयात रुळाकाठच्या धान्याच्या कोठारात काढली. सस्कॅचवान प्रांतातलं आमचं गाव एवढंसं, पण ते उंच लाकडी कोठार लांबच्या शेतांतूनही दिसायचं. कुणी गव्हाचा ट्रक आणला की ओरेस्ट ठरलेलं माप भरायचा, वरून पट्टी फिरवायचा आणि तोलायचा. माप तेच, पण चांगल्या सालचा गहू त्यात जड भरायचा, कोरड्या सालचा सुरकुतलेला गहू हलका.

त्याच्या निवृत्तीनंतरच्या एका मार्चमध्ये त्याची बायको डॅरिया अंगणातल्या बर्फावर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. ईस्टर तोंडावर आलेला. ईस्टरचा पास्का, म्हणजे वर कणकेच्या वेण्या घातलेला गोड पाव, त्या घरात तिच्याशिवाय कुणी केला नव्हता.

"मी करतो. तू नुसतं सांग," ओरेस्ट म्हणाला.

"तू? अरे, तुला साधं अंडं उकडता येत नाही!"

पण तिनं सांगितलं: सहा कप मैदा. ओरेस्टनं डब्यात कप खुपसला, चांगला दाबून भरला, असे सहा घातले. भट्टीतून निघालेल्या पावावर डॅरियानं सुरी टकटक वाजवली.

"दाराला अडकण म्हणून छान आहे."

"सहा म्हणजे सहाच घातलेत मी!"

"तुझे सहा. माझे नव्हेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारून अंडी द्यायला गेले, तर ओरेस्टनं तिच्यापुढे वजनकाटा मांडलेला. "तू रोज भरतेस तसा एक कप भरून दाखव."

डॅरियानं आधी चाळण मागितली. ओरेस्टनं ती धरली आणि हळूहळू हलवली. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. मैदा त्या उन्हातून इतका सावकाश उतरत होता, की खाली पोचायचं त्याच्या मनातच नसावं. मी दारातच थबकले.

"कोठारात दुपारी असंच व्हायचं," ओरेस्ट पुटपुटला. "उन्हात धूळ तरंगायची. मला वाटायचं, मी तळ्याच्या तळाशी उभा आहे आणि वरून कुणीतरी हाक मारतंय."

"कोण?" डॅरियानं विचारलं.

"तूच असशील. आणखी कोण मारणार?"

डॅरियानं डाव्या हातानं चमच्याचमच्यानं कप भरला आणि सुरीनं सपाट केला. काट्यावर एकशे पंधरा ग्रॅम. मग ओरेस्टनं आपला दाबलेला कप ठेवला: दीडशे.

"म्हणजे काल मी तुझे जवळजवळ आठ कप घातले!" तो डोक्याला हात लावून म्हणाला. "आणि जन्मभर मी हेच काम केलं!"

"तो गहू होता रे. हा मैदा आहे, यात हवा असते."

त्या दिवशी मैदा कपानं मोजलाच नाही. सहाशे नव्वद ग्रॅम तोलून घेतला. कणीक फुगून भांड्याबाहेर आली. वेणी मात्र एकट्याला जमेना, तेव्हा ओरेस्टचा उजवा हात आणि डॅरियाचा डावा, असे दोघांनी मिळून पेड घातले. वेणी एका बाजूला कलली. ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्या पावावर पवित्र पाणी शिंपडलं, आणि दुपारी आम्ही तिघांनी बीट घातलेल्या तिखट चटणीबरोबर तो पाव खाल्ला. आत जाळी पडली होती, मऊ, पिवळी.

डॅरियाच्या हातात पहिलं बळ परत आलं नाही. तेव्हापासून घरचा पाव ओरेस्टच करतो. ती जवळच्या खुर्चीत बसून सूचना देते, आणि तो कणीक मळत असताना त्या एकसुरी थापांनी कधी कधी तिथेच तिचा डोळा लागतो.