हौसाबाईंची रजा

म्हातारपणी घरात कोण कोणाला सांभाळतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी विश्रामबागेतल्या घरून मी निघाले, ते लेकीला आईच्या हवाली करून. आई कराडहून आठ दिवसांसाठी आली होती. आता तिसरा महिना चालू होता.

साताऱ्यात एका निवृत्त सुभेदारांनी आधी कंदी पेढे पुढे केले, मग छाती. "आईला मीच सांभाळतो. पन सद्या ती धाकट्याकडं, माधवनगरला ड्युटीवर हाय." मी पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्या दिवशी माधवनगर गाठलं.

तिथे धाकटी सून म्हणाली, "आत्या (सासूबाई) साताऱ्यालाच हायत की! पन त्यास्नी सांभाळतो आमीच हं."

दोघा भावांचं बोलणं बंद, आणि मधल्या मधे सत्तरीची बाई गायब! माझ्या यादीत या कुटुंबाचा तिसरा पत्ता त्यांच्या आटपाडीच्या जुन्या घराचा होता. एस.टी.ची खिडकी लागेना, त्यामुळे आटपाडीत उतरले तेव्हा धुळीने भुवयांसकट पांढरी झाले होते.

सुभेदारांच्या आई, हौसाबाई, ओट्यावर पाय पसरून माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पीत बसल्या होत्या.

"या बाई, बसा. पन कुनाला सांगू नगासा," त्या म्हणाल्या. "साताऱ्यात सांगितलं, माधवनगरला चालली. माधवनगरला कळीवलं, अजून साताऱ्यातच हाय. मधलं आट दिस माजं!"

मी शहाण्यासारखा कागद काढला. "तुम्हाला कोण सांभाळतं?"

"मला? थोरल्याची सून बाळंत झाली, तवा मी गेली. धाकट्याच्या पोराला कांजन्या आल्या, तवा बी मीच. थोरला मिल्ट्रीत हुता, त्याला रजा मिळायची. मला कवा मिळायची? मग घितली आपली आपनच."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुभेदार! हौसाबाईंची वाटी हातातच थांबली. अजून पाच दिवस उरले होते त्यांचे.

"मॅडम, आई भेटली का? बरी हाय न्हवं?"

"भेटल्या. एकदम मजेत आहेत," मी म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हौसाबाईंनी मला आणखी एक वाटी माडगं वाढलं.

संध्याकाळी घरी पोचले. आईने कणकेच्या हातांनीच दार उघडलं. मी सगळी हकिगत रंगवून सांगितली आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिची कापडी पिशवी सोफ्यामागे होती, आली त्या दिवशी ठेवली तिथेच. मला एकदम लाज वाटली. दोन जिल्हे हिंडून मी लोकांच्या आयांना प्रश्न विचारत होते.

"आई, तुला घरी जायचंय का गं?"

'छे गं' म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"सकाळी सव्वासातला कराडची गाडी आहे," आई म्हणाली.